पिलांची हगवण आणि निष्प्रभ औषधें

डुकरीण एका वेतांत दहा-बारा पिलांना जन्म देते. जन्मतः पिलाचें वजन जेमतेम सव्वा-दीड किलो असतें, आणि रोगजंतूंशीं झुंजणारीं संरक्षक द्रव्यें त्याच्या रक्तांत जवळजवळ नसतातच. मनुष्याचें मूल ही शिदोरी आईच्या उदरांतूनच कांहीं अंशीं घेऊन येतें. डुकराच्या पिलाला ती वारेंतून मिळत नाहीं. ती मिळते चिकांतून, आणि तीहि थोड्या तासांपुरतीच. कारण चिकांतील तीं द्रव्यें रक्तांत शोषून घेण्याची पिलाच्या आंतड्यांची शक्ति एक-दीड दिवसांत संपते. त्या अवधींत ज्या पिलाला सड मिळाला नाहीं, त्याचें भवितव्य पुष्कळसें तेथेंच ठरून जातें.

असल्या पिलांना गांठणारा रोग म्हणजे हगवण. ती दोन वेळां येते. एकदां जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं दिवसांत, आणि पुन्हां अंगावरचें दूध तोडल्यावर. पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, अंगांतील पाणी व क्षार वाहून जातात, डोळे खोल जातात, आणि सकाळीं धडधाकट दिसलेलें पिलूं दुसऱ्या दिवशीं मेलेलें आढळतें. निसर्गक्रमानें डुकरीण आपल्या पिलांचें दूध हळूहळू, सुमारें तीन महिन्यांत तोडते. व्यापारी वराहपालनांत तें तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत एकाच दिवशीं तोडलें जातें. दूध गेलें, आई गेली, अन्न बदललें, जागा बदलली, शेजारीं परक्या वेतांतील पिलें आलीं. आणि हें सर्व एकदम. हगवणीला याहून सोयीची वेळ कोणती?

हा इतिहास पशुवैद्यकापुरताच राहिला असता, तर शहरांतील कुटुंबांना त्याच्याशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मनुष्याचीं औषधें निष्फळ होऊं लागलीं, त्या कथेचीं कित्येक महत्त्वाचीं प्रकरणें डुकरांच्या गोठ्यांत घडलीं आहेत. ज्या घरांत डुकराचें मांस कधीं शिजलें नाहीं, त्या घरालाहि तीं लागू आहेत.

रोगाचा कर्ता तसा परिचयाचाच आहे. थिओडोर एशेरिश या म्युनिकमधील बालरोगतज्ज्ञांनीं १८८५ सालीं तान्ह्या मुलांच्या विष्ठेंत आढळलेल्या एका दंडाकृति जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें त्यांच्याच नांवावरून तो जंतु एश्चेरिशिया कोलाय म्हणून ओळखला जाऊं लागला. संक्षेपानें त्याला कोलाय म्हटलें जातें. मनुष्य, गाय, डुक्कर, सर्वांच्या आंतड्यांत तो राहतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. त्याचे थोडेच प्रकार घातक असतात. एकाच घरांतील दहा भावांत एखादा खुनी निघावा, तसाच हा प्रकार आहे.

याच कोलाय जंतूंत पेनिसिलिनचा नाश करणारें एक द्रव्य असतें, असें ऑक्सफर्ड येथील अब्राहम आणि चेन या संशोधकांनीं १९४० सालींच दाखवून दिलें होतें. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनीं तें औषध पहिल्या रुग्णाला टोचलें तें त्यानंतर, १९४१ च्या फेब्रुवारींत. १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांनींहि बजावून सांगितलें कीं, औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतु मरणार नाहींत, उलट ते त्या औषधाला सरावतील. हीं दोन्ही सत्यें ग्रंथांत छापलेलीं असतांना पुढें जें घडलें, तें केवळ अज्ञानानें घडलें असें म्हणवत नाहीं.

न्यूयॉर्क राज्यांतील पर्ल रिव्हर या गांवीं लेडर्ली कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथें थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड हे कोंबडीच्या पिलांसाठीं ब-१२ या जीवनसत्त्वाचा स्वस्त पुरवठा शोधीत होते. त्याच कंपनीनें तेव्हां ऑरिओमायसिन नांवाचें नवें प्रतिजैविक औषध काढलें होतें. टेट्रासायक्लिन या औषधकुळांतील तें पहिलें. तें औषध ज्या बुरशीसारख्या जंतूपासून निघे, त्याला आंबवून झाल्यावर मागें चोथा उरे. तो फेंकून देण्यापेक्षां कोंबड्यांना घालून पाहावा, म्हणून तो खाद्यांत मिसळण्यांत आला. १९४८ च्या नाताळच्या दिवशीं ज्यूक्स यांनीं पिलांचीं वजनें घेतलीं, तेव्हां चोथा खाणारीं पिलें इतरांहून स्पष्टपणें जड भरलीं. जीवनसत्त्वानें ही गोष्ट पुरती उलगडेना. चोथ्यांत उरलेला औषधाचा अंश हेंच तिचें कारण होतें.

डुकरांच्या पिलांवरहि हाच प्रयोग झाला आणि १९५० सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिलें लवकर वाढलीं, हगवण कमी झाली. रुग्णाला द्यावयाच्या मात्रेपुढें खाद्यांत मिसळण्याचें हें प्रमाण म्हणजे निव्वळ चिमूटभर. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तर ही संजीवनीच. दूध लवकर तोडतां येऊं लागलें, थोड्या जागेंत अधिक पिलें ठेवतां येऊं लागलीं, गोठ्याच्या स्वच्छतेंतील उणीवहि झांकली गेली. आईच्या दुधानें करावयाचें काम औषधाकडे गेलें. यांत शेतकऱ्याला दोष देणें सोपें आहे. परंतु ज्याच्या शेजाऱ्याचें डुक्कर आठवडाभर आधीं बाजाराला जातें, त्यानें एकट्यानें काय करावें?

ब्रिटनमध्यें पेनिसिलिनची विक्री तोंवर डॉक्टर व पशुवैद्य यांच्या चिठ्ठीनेंच होत असे. १९५३ सालीं पार्लमेंटनें कायदा करून डुकरें आणि कोंबड्या यांच्या खाद्यापुरता तो निर्बंध सैल केला. पेनिसिलिन आणि ऑरिओमायसिन खाद्याच्या पोत्यांतून गोठ्यांत पोंचूं लागलें. त्या कायद्याच्या नांवांत ‘दुरुपयोगास प्रतिबंध’ अशा अर्थाचे शब्द होते, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

याच सुमारास एच. विल्यम्स स्मिथ नांवाचे एक इंग्रज पशुवैद्य जंतुशास्त्रज्ञ डुकरांची विष्ठा तपासण्याच्या निरस कामाला लागले होते. क्रॅब या सहकाऱ्यासह त्यांनीं १९५७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या कळपांना टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य मिळत होतें, त्यांच्या विष्ठेंत त्या औषधाला दाद न देणाऱ्या कोलाय जंतूंचें वर्चस्व होतें. ज्यांना तें मिळत नव्हतें, त्यांच्यांत असे जंतु थोडे होते. कारण गूढ नव्हतें. औषध जंतूला कांहीं शिकवीत नाहीं. तें निवड करतें. लक्षावधि जंतूंत एखाद-दुसरा औषधाला पुरून उरणारा असतोच. रोजच्या चिमूटभर औषधानें इतरांची वाढ खुंटते आणि मोकळी झालेली जागा त्या एकाच्या संततीला मिळते. दर वीस-तीस मिनिटांनीं दुप्पट होण्याची ज्याची ताकद, त्याला गोठा व्यापण्यास कितीसा काळ लागणार?

तरीहि अनेकांना वाटे कीं, डुकराच्या पोटांतील जंतु डुकराच्या पोटांतच राहतील. हा दिलासा जपानमधील संशोधनानें हिरावून घेतला. महायुद्धानंतर त्या देशांत आमांशाच्या सांथींत एकाच वेळीं अनेक औषधांना न जुमानणारे जंतु आढळूं लागले. १९५९ सालीं ओचिआइ आणि आकिबा यांच्या संशोधनगटांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, ही प्रतिकारशक्ति आमांशाच्या जंतूकडून कोलाय जंतूकडे आणि कोलायकडून आमांशाच्या जंतूकडे जाऊं शकते. पित्याकडून पुत्राकडे वारसा जातो तशी नव्हे, तर शेजाऱ्यानें शेजाऱ्याला किल्ली द्यावी तशी. जंतूच्या मुख्य आनुवंशिक द्रव्याहून वेगळें असें एक लहानसें कडें असतें. त्याला प्लास्मिड म्हणतात. दोन जंतु एकमेकांना चिकटले कीं त्या कड्याची प्रत एकांतून दुसऱ्यांत उतरते. एका कड्यावर चार-पांच औषधांविरुद्धचा बंदोबस्त एकत्र असूं शकतो. म्हणजे एका औषधाच्या वापरानें उरलेल्या चारांचाहि प्रतिकार आपोआप जोपासला जातो. त्सुतोमु वातानाबे यांनीं १९६३ सालीं या विषयाचा विस्तृत आढावा इंग्रजींत प्रसिद्ध केला, तेव्हां पाश्चात्य संशोधकांचे डोळे खऱ्या अर्थानें उघडले.

विल्यम्स स्मिथ यांचें दुसरें मोठें काम याच धाग्यावर उभें आहे, आणि त्याचा एक दुवा कलकत्त्याला पोंचतो. पटकीचें विष आंतड्यांत पाणी कसें साठवतें हें पाहण्यासाठीं शंभुनाथ डे यांनीं १९५३ सालीं सशाच्या आंतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानें बांधून त्यांत जंतु टोचण्याची रीत उपयोगांत आणली. १९५६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच रीतीनें हगवणीच्या रुग्णांतील कोलाय जंतु तपासले आणि त्यांतील कांहीं पटकीच्या जंतूप्रमाणेंच आंतडें पाण्यानें फुगवितात असें पाहिलें. स्वदेशांत डे यांची हयातींत झालेली उपेक्षा सर्वश्रुत आहे. त्यांच्या रीतीचा प्रवास मात्र थांबला नाहीं. १९६७ सालीं स्मिथ आणि श्रीमती हॉल्स यांनीं बांधलेल्या आंतड्याची ती रीत डुकरें, वासरें व कोंकरें यांच्या हगवणीला लावली. पुढच्याच वर्षीं त्यांनीं दाखविलें कीं, पिलाला मारणारें विष तयार करण्याची शक्तिसुद्धां प्लास्मिडवरच असते आणि ती एका कोलाय जंतूकडून दुसऱ्याकडे जाते. कोपनहेगन येथील फ्रिट्स व इडा अर्स्कोव्ह या दांपत्यानें १९६६ सालीं तिसरी गोष्ट उघड केली होती. पिलाच्या लहान आंतड्याला घट्ट चिकटण्यासाठीं या जंतूच्या अंगावर जे केंसासारखे सूक्ष्म तंतु असतात, त्यांचाहि वारसा असाच हस्तांतरणीय आहे. चिकटणें, विष ओतणें आणि औषधाला न बधणें, या तिन्ही कला कड्यांवरून फिरतात. विष आणि प्रतिकार दोन्ही एकाच कड्यावर असलेला, डुकराच्या कोलाय जंतूंतील प्लास्मिड १९७७ सालीं वर्णिला गेला. अशा जंतूपुढें गोठ्यांतलें औषध म्हणजे पिलाचा बचाव नव्हे. तें खुन्यालाच दार उघडून देतें.

इकडे इंग्लंडमध्यें प्रकरण तापलें होतें. लंडनजवळील कॉलिंडेल येथील ई. एस. अँडरसन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत वासरांमधील साल्मोनेला जंतूंचा माग घेतला आणि अनेक औषधांना न जुमानणारा तो जंतु मनुष्यांतहि रोग करतो हें दाखवून दिलें. नंतर १९६७ च्या अखेरीस मिडल्सबरो भागांत तान्ह्या मुलांमध्यें हगवणीची सांथ आली. तिच्या कोलाय जंतूंवर नेहमींचीं औषधें चालेनात आणि कित्येक अर्भकें दगावलीं. ते जंतु गोठ्यांतून आले होते असा पुरावा कोणी दिलेला नाहीं. तसें सुचविणें अन्यायाचें होईल. पण ज्या आयांचीं मुलें गेलीं त्यांना, आणि ज्यांनीं तें वर्तमानपत्रांत वाचलें त्यांना, औषध चालेनासें होणें म्हणजे काय हें प्रथमच उमगलें.

सरकारनें १९६८ सालीं एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख मायकेल स्वान यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. १९६९ च्या नोव्हेंबरमध्यें तिचा अहवाल आला. त्याचें सार असें होतें: जीं औषधें मनुष्याच्या किंवा जनावराच्या उपचारांत लागतात, तीं वाढीसाठीं खाद्यांत घालूं नयेत, त्या कामासाठीं उपचारांत न वापरलीं जाणारीं वेगळीं औषधें घ्यावींत. १९७१ सालीं पेनिसिलिन व टेट्रासायक्लिन हीं खुल्या खाद्यांतून गेलीं. पशुवैद्याच्या चिठ्ठीवर मात्र तीं मिळत राहिलीं.

आणि मग स्मिथ पुन्हां विष्ठा तपासावयास बसले. १९७५ सालीं त्यांनीं जें छापलें तें कोणालाच रुचणारें नव्हतें. बंदीनंतर चार वर्षें झालीं तरी टेट्रासायक्लिनला दाद न देणारे कोलाय जंतु डुकरांत फारसे घटले नव्हते. चिठ्ठीवरचा वापर हें त्याचें एक कारण. दुसरें कारण जंतूच्या शरीररचनेंत आहे. टेट्रासायक्लिन बाहेर फेंकणारी त्याची यंत्रणा औषध नसतांना बंद राहते. म्हणून ती जवळ बाळगण्याचा खर्च जंतूला फारसा पडत नाहीं. भाडें नसलेली खोली कोण सोडतो?

स्वान समितीच्या युक्तींत एक गृहीत होतें. मनुष्याला न दिलें जाणारें औषध डुकराला दिलें तर मनुष्याला धोका नाहीं, असें तें गृहीत. त्याची कसोटी पूर्व जर्मनींत, कोणी मुद्दाम न योजतां, लागली. तेथें १९८३ पासून डुकरांच्या खाद्यांत टेट्रासायक्लिनऐवजीं नूर्सिओथ्रिसिन नांवाचें औषध मिसळण्यास सुरुवात झाली. तें मनुष्याच्या उपचारांत कधींच वापरलें गेलें नव्हतें आणि त्याविरुद्धचा प्रतिकार तोंवर जंतूंत नगण्य होता. म्हणजे जणूं एका नदींत रंग सोडून तो कोठकोठें वाहतो हें पाहण्याची संधि चालून आली. व्हेर्निगेरोडे येथील संशोधकांनीं ती साधली. १९८५ सालीं प्रतिकाराचा प्लास्मिड डुकरांच्या व त्यांच्या मांसाच्या कोलाय जंतूंत सांपडला. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत तो गोठ्यांत काम करणाऱ्या माणसांत, मग त्यांच्या कुटुंबियांत, मग डुकराशीं कसलाहि संबंध नसलेल्या नगरवासियांत आणि मूत्रमार्गाच्या रोग्यांत आढळला. १९८७ सालीं तोच प्रतिकार आमांशाच्या शिगेला जंतूंतहि दिसला. शिगेला डुकरांत राहत नाहीं. त्याचें घर मनुष्य. रंग शेवटच्या घाटापर्यंत पोंचला होता. औषध अनोळखी असल्यानें त्या वेळीं कोणाचा जीव गेला नाहीं. पण वाट पक्की आहे हें कळलें.

स्वीडनमध्यें शेतकऱ्यांच्या संघटनेनें स्वतःच पुढाकार घेतला आणि १९८६ पासून वाढीसाठीं असलीं औषधें देणें कायद्यानें बंद झालें. प्रारंभीं पिलांची हगवण वाढली. मग दूध उशिरा तोडणें, खाद्यांतील प्रथिनें कमी करणें, गवताची शय्या देणें, गोठा एकदम रिकामा करून धुणें असे जुनेच उपाय शिकावे लागले. डेन्मार्कनें दूध तोडलेल्या पिलांपुरता हाच निर्णय १९९९ च्या अखेरीस अंमलांत आणला. तेथेंहि हगवण वाढली आणि काहीं काळ चिठ्ठीवरचीं औषधें वाढलीं. सबंध युरोपीय संघांत ही बंदी १ जानेवारी २००६ पासून आली. मग औषधाच्या जागीं जस्ताचें भस्म मोठ्या मात्रेंत खाद्यांत जाऊं लागलें. तें हगवण थांबवी खरें, पण जमिनींत सांचे आणि प्रतिकारी जंतूंनाहि जोपासी. म्हणून २०२२ च्या जूनमध्यें तेंहि थांबविण्यांत आलें. दरम्यान ब्रिटनमधील कॉम्प्टन येथें रटर व जोन्स यांनीं १९७३ सालींच वेगळी दिशा दाखविली होती. पिलाला नव्हे, गाभण डुकरिणीला त्या चिकट तंतूंविरुद्ध लस टोचावी. म्हणजे तिच्या चिकांतून पिलाला संरक्षण मिळतें. तान्ह्या पिलांच्या हगवणीवर हा उपाय चालतो. दूध तोडल्यानंतरच्या हगवणीवर तो पुरत नाहीं, कारण तेव्हां दूधच नसतें.

शेवटचें प्रकरण चीनमधील. १९५० च्या सुमारास जपानांत सांपडलेलें कोलिस्टिन हें औषध मूत्रपिंडाला अपायकारक म्हणून मनुष्याच्या उपचारांतून बहुतांशीं मागें पडलें. डुकरांना मात्र हगवणीवर आणि वाढीसाठीं तें मुबलक मिळत राहिलें. एकविसाव्या शतकांत जेव्हां रुग्णालयांतील कित्येक जंतु बाकी सर्व औषधांना हरवूं लागले, तेव्हां डॉक्टरांना अखेरचा उपाय म्हणून याच जुन्या कोलिस्टिनकडे वळावें लागलें. त्याला होणारा प्रतिकार एका जंतूकडून दुसऱ्याकडे जात नाहीं, अशी समजूत होती. २०१३ च्या जुलैमध्यें शांघाय येथील एका वराहपालन केंद्रांतील डुकरांत जो कोलाय जंतु मिळाला, त्यानें ती खोटी पाडली. २०१५ च्या नोव्हेंबरमध्यें ल्यू यि-युन आणि सहकाऱ्यांनीं एमसीआर-१ या नांवानें त्या प्रतिकाराचा जनुक जाहीर केला. तो प्लास्मिडवर होता. २०११ ते २०१४ या काळांत तपासलेल्या ८०४ जनावरांपैकीं १६६ मध्यें, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकीं ७८ मध्यें आणि १,३२२ रुग्णांपैकीं १६ जणांत त्याचे जंतु सांपडले. जनावरांत सर्वांत जास्त, माणसांत सर्वांत कमी. हा उतार कोणत्या दिशेनें आहे हें सांगण्याची गरज नाहीं.

चीननें २०१७ मध्यें वाढीसाठीं कोलिस्टिन घालणें बंद केलें. त्याचें उत्पादन २०१५ मधील २७,१७० टनांवरून २०१८ मध्यें २,४९७ टनांवर आलें. डुकरांतील कोलिस्टिन-प्रतिकारी कोलाय जंतूंचें प्रमाण २०१५-१६ मध्यें शेंकडा ३४ होतें, तें २०१७-१८ मध्यें शेंकडा ५.१ वर उतरलें. टेट्रासायक्लिनच्या बाबतींत स्मिथ यांना जी घट दिसली नाहीं ती येथें दिसली, याचें एक कारण असें कीं, एमसीआर-१ जंतूच्या बाह्य आवरणांत फेरफार करतो आणि तो बोजा त्याला महाग पडतो; औषध थांबलें कीं बोजा न वाहणारे जंतु त्याच्या पुढें जातात. भारत सरकारनें १९ जुलै २०१९ रोजीं अन्नासाठीं पाळलेलीं जनावरें, कोंबड्या आणि मासे यांच्यासाठीं कोलिस्टिनचें उत्पादन, विक्री व वितरण मनाई करणारी अधिसूचना काढली. त्याच २०१९ सालीं चीनमध्यें निरोगी व रुग्ण मिळून तपासलेल्या माणसांच्या आंतड्यांतील एमसीआर-१ चें प्रमाण शेंकडा १४.३ वरून ६.३ वर आलेलें होतें, शून्यावर नव्हे.